माळ उतरविणाऱ्या भगिनी

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधीचे चार दिवस निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या बाजूचे रस्ते एकदा पाहावेत. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या एस. टी. गाड्या, टेंपो, ट्रॅक्टर आणि क्वचित अजूनही घुंगरमाळा घातलेली एखादी बैलजोडी, या सर्वांचा रोख दक्षिणेकडे, बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगराकडे असतो. कपाळी भंडाऱ्याचा मळवट, हाती परडी, डोक्यावर देवीचा जग आणि चौंडक्याच्या तालावर ‘उदो’चा गजर. या वाटेवर मराठी बोलणारा आणि कानडी बोलणारा एकमेकांस भाषा विचारीत नाहीत. यल्लम्मा दोघांचीही आहे.

तिची कथा आपल्या भागात सर्वांस ठाऊक आहे. जमदग्नी ऋषी आपल्या पत्नीवर, रेणुकेवर, कोपले आणि तिचा शिरच्छेद करण्याची आज्ञा त्यांनी पुत्रास दिली. परशुरामाने ती पाळली; आणि पित्याने प्रसन्न होऊन वर माग म्हणताच त्याने आईचे प्राण परत मागितले. पुढे जमदग्नींचा वध झाला व रेणुका विधवा झाली. म्हणून मार्गशीर्ष पौर्णिमेस देवीला सोडलेल्या स्त्रिया डोंगरावर आपल्या बांगड्या फोडतात. घरातील पुरुषाच्या रागापायी प्राणास मुकलेली आणि पुन्हा उभी राहिलेली ही आई, तिच्याच नावाने शतकानुशतके कोवळ्या मुलींचे आयुष्य पणास लावले जावे, ही गोष्ट मला नेहमीच चमत्कारिक वाटत आली आहे.

आपण ख्रिस्ती कुटुंबे या यात्रेस जात नाही. परंतु सीमाभागातील खेड्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना जोगतीण अपरिचित नाही. माझ्या लहानपणी दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक जोगतीण जोगवा मागत आमच्या आळीत येई. माझी आजी सुपातून जोंधळे आणून तिच्या परडीत ओती. मात्र उंबरठ्याच्या आतूनच, आणि सूप परडीला लागू नये याची फार काळजी घेऊन. आजी कठोर मनाची नव्हती. संध्याकाळी जपमाळ हाती घेतली की भुकेल्यांसाठी आणि निराश्रितांसाठी ती एक रहस्य अधिक म्हणे. परंतु दाराशी येणाऱ्या त्या बाईचे नाव काय, हे तिने कधी विचारले नाही. मीही विचारले नाही.

हा लेख तिच्यासारख्या भगिनींविषयी आहे. आणि त्यांतील काहींनी गेल्या पस्तीस वर्षांत जे कार्य केले, त्याविषयी आहे. त्या कार्याला समेट हा शब्द लावावा असे मला वाटते. भांडण मिटविणे एवढाच त्याचा अर्थ येथे नाही. तुटलेली नाती ज्यांनी तोडली नव्हती, त्यांनीच पुढे होऊन ती सांधली, असा हा समेट आहे.

प्रथम ही चाल काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण तरुण वाचकांस ती केवळ ऐकीव असेल. मुलीला देवीला सोडणे, कानडीत ‘मुत्तु कट्टुवुदु’ म्हणजे मोती बांधणे, याचा अर्थ तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ घालून देवीशी तिचे लग्न लावणे. पोटी मुलगा नाही, मुलीच्या केसांत जट निघाली, घरात आजार हटत नाही, दुष्काळात नवस बोलला गेला, अशी कारणे असत. आणखीही एक कारण असे. ते कोणी मोठ्याने बोलत नसे. सोडलेली मुलगी सासरी जात नाही. ती माहेरीच राहते, मुलासारखी घराची वारस होते आणि म्हाताऱ्या आईबापांस पोसते. ज्या घरात जमीन नाही, मुलगा नाही, पुढची सोय नाही, त्या घरात देवीचा कौल आणि पोटाची गरज यांची अशी गाठ पडे. मुलगी वयात आली की गावातील एखादा ऐपतदार पुरुष तिला ठेवून घेई. लग्न नाही, म्हणून जबाबदारी नाही. मुले झाली तर त्यांस बापाचे नाव नाही. तो कंटाळला की ती पुन्हा परडी घेऊन बाहेर पडे, किंवा कोणी दलाल तिला मुंबई-पुण्याच्या कुप्रसिद्ध वस्त्यांत नेऊन पोहोचवी.

या मुली कोणत्या घरांतून येत? बहुतेक सर्व गावकुसाबाहेरच्या घरांतून. मातंग, महार, म्हणजे कानडी मुलखातील मादिग व होलेय. आणि काही भागांत बेरड. बेरड हे या मातीतील फार जुने रहिवासी. १८५७ साली हत्यारबंदीचा कायदा आला तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी शस्त्रे खाली ठेवण्यास नकार दिला होता. इंग्रज सरकारने पुढे या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. गावात चोरी झाली की प्रथम बेरडवाड्यात शोध होई. आज कर्नाटकात ते नायक, वाल्मीकी या नावांनी अनुसूचित जमातींत गणले जातात. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ या आत्मकथनात हे सारे दुःख मराठी वाचकांपुढे मांडले, आणि देवदासींच्या प्रश्नासाठी आपले आयुष्य वेचले. २०१७ साली ते निवर्तले. ज्यांच्याकडून जमीन, शस्त्र आणि अब्रू सर्वच हिरावून घेतले होते, त्यांच्या मुलींवर देवीचा कौल इतक्या वेळा का पडावा, याचा विचार ज्याने त्याने करावा.

ही चाल बंद करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जमखंडीत जन्मलेले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळ्यांच्या प्रश्नाला शतकापूर्वीच हात घातला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ या आपल्या पत्रातून मोहीम चालविली, आणि त्या पत्रात शिवूबाई नावाच्या एका मुरळीने स्वतःची व्यथा स्वतःच्या नावाने लिहिली. हे १९०८-०९ च्या सुमारास! त्या पत्राचे मोल मला पुढच्या कित्येक ठरावांहून अधिक वाटते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९२० साली आपल्या संस्थानात कायदा केला. १९३४ साली मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा झाला. सौंदत्ती तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. १९७५ साली गडहिंग्लज येथे डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानाने देवदासींची परिषद भरविली. पाठोपाठ निपाणीत प्रा. सुभाष जोशी व त्यांचे सहकारी या प्रश्नात उतरले.

निपाणीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जातो. तंबाखूच्या वखारींत भुकटीने घसे सोलून निघेपर्यंत राबणाऱ्या निपाणीच्या बायकांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आपली संघटना बांधली, संप केले आणि वखारमालकांस बोलणी करावयास भाग पाडले. त्यांच्यात परित्यक्ता होत्या, विधवा होत्या आणि जोगतिणीही होत्या. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने त्यांच्यावर बोलपट काढला, तो त्या कामगार बायकांना बरोबर घेऊनच. आपल्या भागातील गरीब स्त्री पुढारीपण करू शकते, हे निपाणीने असे आधीच दाखवून दिले होते. बेळगाव जिल्हा कित्तूरच्या चन्नम्मा राणीचे स्मरण मोठ्या अभिमानाने करतो आणि ते योग्यच आहे. परंतु राणीच्या हाती किल्ला होता. वखारीतल्या बाईजवळ केवळ शेजारणीचा हात होता.

१९८२ साली कर्नाटक विधिमंडळाने देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा संमत केला व १९८४ पासून तो अंमलात आला. महाराष्ट्रात असा नवा कायदा होण्यास २००५ साल उजाडावे लागले. कर्नाटकाच्या त्या कायद्याचे एक कलम पाहण्यासारखे आहे. समर्पण करणाऱ्या कोणाही व्यक्तीस तीन वर्षांपर्यंत कैद. परंतु समर्पण करणारे आई, बाप, पालक वा नातलग असतील तर शिक्षा अधिक, कमीत कमी दोन व जास्तीत जास्त पाच वर्षे. कायदा करणाऱ्यांचा हेतू निश्चित चांगला होता. पोटच्या मुलीचा सौदा करणाऱ्यास कठोर शासन हवे, असे कोणीही म्हणेल. परंतु परिणाम काय झाला? ज्या मुलीला सोडले तिने तक्रार करावयाची, तर आपल्याच आईस तुरुंगात धाडावयाचे. आणि ती आई तरी कोण? पुष्कळदा तीही लहानपणी सोडलेलीच. माळ घालण्याचा विधी डोंगरावरून उठला आणि रात्रीच्या वेळी घरात, शेतातल्या देवळीत, सीमेपलीकडच्या गावी गुपचूप होऊ लागला. ठेवून घेणारा पुरुष पहिल्याप्रमाणेच पंचायतीच्या कट्ट्यावर बसून राहिला.

त्या काळात आणखी एक उपाय फार लोकप्रिय होता. सामुदायिक विवाह. सरकारी अनुदान, मांडव, पाहुणे, वृत्तपत्रांत छायाचित्रे. काही संसार चांगले झाले, हे नाकारू नये. परंतु अनुदान हाती पडताच नाहीसे झालेले नवरेही थोडे नव्हते, आणि मग त्या स्त्रीच्या वाट्याला दुसऱ्यांदा टाकले जाणे आले. विवाह हा आपण पवित्र संस्कार मानतो. म्हणूनच मला असे स्पष्ट म्हणावेसे वाटते की, समाजाने आपली लाज झाकण्यासाठी लावून दिलेल्या लग्नास संस्काराचे तेज येत नाही. कोणत्या बाईला लग्न हवे होते, कोणीला म्हैस हवी होती, कोणीला फक्त मुलाचे नाव शाळेत घालावयाचे होते. विचारले कोणी?

विचारण्यास आरंभ झाला तो १९९०-९१ च्या सुमारास. मायराडा ही स्वयंसेवी संस्था आणि कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळ यांनी बेळगाव जिल्ह्यात देवदासी पुनर्वसनाचे काम हाती घेतले. कार्यकर्ते गावोगाव जाऊन या स्त्रियांचे लहान लहान संघ बांधू लागले. आठवड्यास थोडी बचत, त्यातून एकमेकींस कर्ज, आणि बसून बोलणे. १९९७ साली या संघांतून एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. महिला अभिवृद्धी मत्तू संरक्षण संस्थे, म्हणजे स्त्रियांचा विकास व संरक्षण यांसाठी संस्था. ‘मास’ या छोट्या नावाने ती ओळखली जाते. मिरज-बेळगाव लोहमार्गावरील घटप्रभा हे तिचे ठाणे. तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्या सभासद पूर्वाश्रमीच्या देवदासी आणि तिचा कारभार पाहणाऱ्याही त्याच.

त्यांच्यापैकी एकीचे नाव आज देशास माहीत आहे. सीतव्वा जोडट्टी. चिकोडी भागातील कब्बूर गावच्या एका दरिद्री दलित घरात त्यांचा जन्म झाला. घरात मुलीच मुली, मुलगा नाही. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना देवीला सोडण्यात आले. ज्या वयात आपल्या मुली पांढरा झगा घालून प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करतात, ते हे वय. पुढचे आयुष्य इतर जणींसारखेच गेले: कोवळ्या वयातच मातृत्व आणि पोरांच्या पोटाची चिंता. संघाच्या बैठकीस त्या प्रथम आल्या तेव्हा शाळेचे तोंडही नीट पाहिले नव्हते. तेथून त्या कार्यकर्ती झाल्या, ‘मास’च्या स्थापनेत सामील झाल्या आणि पुढे तिच्या मुख्य कार्यवाह झाल्या. २०१८ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना पद्मश्री देण्यात आली. चार हजारांहून अधिक स्त्रियांस या संस्थेने त्या जीवनातून बाहेर येण्यास हात दिला आहे.

पद्मश्रीचा गौरव मोठा आहेच. परंतु मला त्यांच्या कामाच्या रीतीविषयी अधिक सांगावयाचे आहे.

एखाद्या गावी एखाद्या मुलीच्या केसांत जट दिसू लागली आहे, किंवा आई आजारी मुलीस घेऊन वारंवार जोगत्याकडे जात आहे, अशी कुणकुण संघातील बाईस लागते. पोलिसांस वर्दी देण्याचा मार्ग तिला मोकळा आहे, आणि अडले तर ती तो वापरते. परंतु आधी दोघी-तिघी मिळून त्या घरी जातात. ओसरीवर बसतात. त्या आईला ‘अक्का’ म्हणतात. मग आपल्या गळ्यातून माळ कशी गेली, तिने काय दिले आणि काय हिरावले, हे त्या सांगतात. सरकारी अधिकारी, शिक्षक, डॉक्टर, धर्मगुरू, कोणीही आले तरी ती आई मनातून म्हणणार, यांना काय ठाऊक? पण समोर बसलेल्या या बाईस सर्व ठाऊक आहे. मुलीच्या जीवावर म्हातारपण काढण्याची आशाही ठाऊक आहे, कारण तिच्या आईनेही तीच केली होती. त्या आईवर त्या चिडत नाहीत. शेळीसाठी कर्ज, निवृत्तिवेतनाचा अर्ज, मुलीस वसतिगृहात जागा, अशी व्यवहाराची बोलणी सुरू होतात. केसांची जट हा देवीचा कौल नसून न विंचरल्याने होणारा गुंता आहे हेही त्या सांगतात, आणि आईची तयारी झाली की ती कात्रीने काढतातही. यात्रेच्या दिवसांत त्या डोंगरावर असतात. पुजाऱ्यांशी बोलतात, पत्रके वाटतात, नवे लुगडे नेसविलेली लहान मुलगी गर्दीत दिसली तर डोळ्याआड होऊ देत नाहीत.

यातच मला त्यांचा पहिला समेट दिसतो, लेकीचा आईशी. कायद्याने आईस आरोपी केले होते. लेकीने तिला शेजारी बसवून घेतले. याचा अर्थ जे घडले ते योग्य होते असे त्या मानतात, असा मुळीच नाही. माळ घालणे हा गुन्हा आहे हे त्या आईच्या तोंडावर सांगतात. पण गुन्हा सांगूनही तिला टाकीत नाहीत.

दुसरा समेट अधिक नाजूक आहे. सुधारक मंडळींपैकी काहींची अपेक्षा अशी की, या स्त्रियांनी माळेबरोबर देवीलाही सोडावे. जग आणि परडी नदीत टाकावी. काहींनी टाकलीही. परंतु कित्येकींनी तसे केले नाही. त्या आजही यल्लम्मेस नैवेद्य दाखवितात. देवीने आमचे वाईट केले नाही, तिच्या नावाने माणसांनी केले, असा भेद त्यांनी स्वतःशी केला आहे. आपली श्रद्धा निराळी आहे आणि येथे वाद घालण्याचे कारण नाही. एवढेच म्हणतो की, ज्या नावाने आपल्यावर अन्याय झाला, त्या नावाचा अर्थ अन्याय करणाऱ्यांच्या हाती राहू न देणे, याला मोठे धैर्य लागते. आपल्याही धर्मनावाने जगात कोठे कोठे काय झाले आहे हे आठवले, तर ही गोष्ट समजण्यास जड जाऊ नये.

त्याचे एक उदाहरण फार दूरचे आहे, परंतु आपल्या घरचेच आहे. कॅनडा देशात तेथील मूळ रहिवाशांची दीड लाखांहून अधिक मुले अनेक दशके आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवण्यात आली. शाळा सरकारच्या, पण त्यांपैकी पुष्कळ चालविल्या त्या कॅथोलिक संघांनी. मुलांची भाषा, नावे, केस, सारे काढून घेतले गेले. कित्येकांचा छळ झाला, कित्येक परत आलीच नाहीत. २००८ ते २०१५ या काळात सत्य व समेट आयोगाने वाचलेल्यांच्या साक्षी घेतल्या, आणि त्या साक्षी देण्यात आज्या झालेल्या स्त्रिया पुढे होत्या. २०२२ च्या वसंतात त्या लोकांची शिष्टमंडळे रोमला गेली. मेटी लोकांचे नेतृत्व कॅसिडी कॅरन या तरुण स्त्रीकडे होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, क्षमा मागावयाची ती आमच्या भूमीवर येऊन मागा. त्याच वर्षी २५ जुलै रोजी पोप फ्रान्सिस चाकाच्या खुर्चीतून मास्क्वाचीस येथे गेले व त्यांनी क्षमा मागितली. तेवढ्याने सर्व मिटले असे त्या लोकांनी म्हटलेले नाही, आणि तसे म्हणण्याची घाई आपणही करू नये. क्षमा कोठे व कोणत्या शब्दांत मागावयाची, हे ज्यांना जखम झाली त्यांनी ठरविले, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

आपल्या भागात तसा आयोग बसला नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर येऊन कोणा पुढाऱ्याने, कोणा जमीनदाराच्या नातवाने, या स्त्रियांची क्षमा मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीही तिसरा समेट, गावाशी समेट, त्यांनी चालू ठेवला आहे. संघातील काही जणी ग्रामपंचायतींवर निवडून आल्या. ज्या कट्ट्यासमोरून पदर ओढून जावे लागे, त्याच कट्ट्यावर बसून त्या पाण्याच्या नळाविषयी बोलतात. अथणीत वकील बी. एल. पाटील यांनी १९८५ साली स्थापिलेल्या ‘विमोचना’ संस्थेने या स्त्रियांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. तेथे शिकलेली मुले आज नोकऱ्या करतात, संसार करतात. आईच्या गळ्यातील माळ मुलीच्या गळ्यात न पडण्यास शाळेसारखा दुसरा उपाय नाही, असे या स्त्रिया पहिल्यापासून सांगत आल्या आहेत.

प्रथा समूळ गेली असे मात्र म्हणवत नाही. १९९३-९४ साली सरकारने गणना केली तेव्हा कर्नाटकात २२,८७३ देवदासी आढळल्या. २००७-०८ च्या गणनेअखेर हा आकडा ४६,६६० वर गेला. याचे कारण पुष्कळजणी पहिल्या गणनेत सुटल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षे नवी गणना झाली नाही, आणि यादीत नाव नसलेल्या स्त्रीस निवृत्तिवेतन नाही, घर नाही, कर्ज नाही. कायदा झाल्यानंतर सोडलेल्या तरुण स्त्रियांची अडचण तर विलक्षण. त्यांना मोजावे तर कायदा मोडला गेल्याचे कबूल करावे लागते. म्हणून त्या नाहीतच असे धरून चालणे कचेरीस सोयीचे. या स्त्रियांच्या संघटनांनी जिल्ह्याच्या ठाण्यांवर आणि बेंगळुरूस वारंवार मोर्चे नेले ते याच मागणीसाठी: आम्हांस मोजा.

आणि दुसरी मागणी मुलांच्या नावाविषयी. शाळेत, दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर एक रकाना असतो, वडिलांचे नाव. तो कोरा ठेवावा तर कारकून वर पाहतो. देवाचे नाव घालावे तर वर्गातील पोरे हसतात. खरे नाव घालावे तर गावात भांडण. २०२५ साली कर्नाटकाच्या विधिमंडळापुढे देवदासीविषयक नवे विधेयक आले, त्यात या मुलांस पित्याची ओळख मागण्याचा हक्क देण्याची तरतूद आहे. हे विधेयक आकाशातून पडले नाही. त्यामागे या स्त्रियांची व त्यांच्या मुलांची अनेक वर्षांची खटपट आहे. आपल्या चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीतही असाच रकाना असतो, म्हणून येथे सांगतो. अविवाहित मातेच्या मुलाची नोंद करताना तिने मागितल्यास तिचे नाव लिहिलेच पाहिजे, असे आपल्या धर्मसंहितेचे ८७७ वे कलम सांगते. पिता अज्ञात आहे म्हणून बालकाची नोंद अडत नाही. ही गोष्ट पुष्कळ घरांस ठाऊक नसते, आणि संकोचाने कोणी विचारीत नाही.

हा मजकूर लिहावयास घेण्यापूर्वी मी गावी जाऊन आलो. आमची आळी आता बदलली आहे. घरे सिमेंटची झाली, जोंधळ्याची सुपे माळ्यावर गेली आणि मंगळवारी-शुक्रवारी कोणी येत नाही. आमच्या दाराशी येणाऱ्या त्या जोगतिणीची मी चौकशी केली. ती कोणत्या वाड्यातून येई, हे दोन म्हाताऱ्यांना आठवले. तिला एक मुलगी होती, ती मुंबईस गेली, असे एकीने सांगितले. तिचा आवाज गोड होता, असे दुसरी म्हणाली. नाव कोणालाच सांगता आले नाही.